शेवटचं टिंब

राग धरावा तर मशीनबाईसारखा. बाकीच्यांचा राग दुधासारखा, भसकन वर येतो आणि गॅस बंद केला की खाली बसतो. मशीनबाईचा राग बावीस वर्षं मंद आचेवर होता आणि एक थेंब ओट्यावर सांडला नव्हता. सकाळी दुकान उघडायचं, लोकांची शिलाई मशीनं दुरुस्त करायची, नवऱ्याच्या फालतू विनोदांना हसायचं, आणि दुपारी जेवून हात धुताना मोठ्या भावाच्या नावानं एकदा दातओठ खायचे. रक्तदाबाची गोळी एखाद्या दिवशी राहायची, पण हे कधी राहायचं नाही.

शिलाई मशीनं दुरुस्त करते म्हणून मशीनबाई. पण तिचं खरं शिक्षण इंजिनांचं. वडील मोटरसायकलींचे मेकॅनिक, साधेसुधे नव्हेत, सगळं गाव ज्यांना वस्ताद म्हणायचं असे. त्यांच्या गॅरेजात दादा आणि ही, दोघं शिकले. दादा चार वर्षांनी मोठा. हाताला ही जास्त स्वच्छ, हे गिऱ्हाइकांनाही कळायचं आणि दादालाही कळायचं, आणि दादाला ते अजिबात आवडायचं नाही.

वस्तादांच्या गॅरेजात एक रीत होती. ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो तो ब्लॉक ज्यानं बसवून इंजिन बंद केलं, त्यानं ब्लॉकच्या खालच्या कडेला टोकदार पंचनं आपली खूण ठोकायची. वस्तादांचं एक टिंब, दादाची दोन, हिची तीन. एका खुणेपुढे दुसरी, मध्ये जरा जागा सोडून, डावीकडून उजवीकडे. इंजिन पुन्हा कधी उघडलं की लगेच दिसायचं, मागच्या खेपेला हात कोणाचा होता. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नसे. वस्ताद म्हणायचे, "ही सही मिरवायला नाही, पकडायला आहे."

आणि दुसरी रीत त्यांच्या कानाची. असं उघडून, परत जोडून बंद केलेलं इंजिन सुरू झालं की वस्ताद हात वर करायचे, सगळं गॅरेज गप्प व्हायचं. बिघाड असेल तर ते म्हणायचे, "उघडा." काम चोख असेल तर विचारायचे, "कोणी बंद केलं?" एवढंच. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कोणी ऐकलेलं नाही. दादाला हा प्रश्न दोनतीनदा लाभला. हिला एकदाही नाही. हिचं इंजिन सुरू झालं की वस्ताद जरा जास्तच वेळ ऐकायचे आणि म्हणायचे, "बरं."

मग तो शनिवार आला. वस्तादांची स्वतःची काळी मोटरसायकल, जिवापलीकडे जपलेली, हिनं उघडली, नवा पिस्टन घातला, बंद केली, तीन टिंबं ठोकली. रविवारी ही तापानं फणफणून घरी झोपून होती. सोमवारी वस्ताद गाडी घेऊन निघाले आणि पाण्याच्या टाकीच्या वळणावर इंजिन आतल्या आत जाम झालं, मागचं चाक अडकलं, वस्ताद रस्त्यावर. मांडीचं हाड मोडलं, ते नीट जुळलं नाहीच. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर चार लोकांसमोर ते म्हणाले, "पिनचं लॉक सुटलं. पोरीचं लक्ष नव्हतं."

लॉक म्हणजे तारेची एक इवलीशी कडी. पिस्टनमधली पिन बाजूला सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना खाचेत बसवतात. ते सुटलं तर पिन सरकते आणि ब्लॉक खरवडत बसते. ही रडून सांगत होती, लॉक मी बसवलंय, इंजिन उघडा आणि बघा. वस्ताद म्हणाले, "त्या गाडीला कोणी हात लावायचा नाही." आणि दादानं तिला गॅरेजच्या फाटकातच अडवलं. म्हणाला, "तुझे हात शिवणकामाचे आहेत. तिकडेच वळव." भाऊबहिणीत लोक काय काय बोलतात, पण हे वाक्य तिच्या काळजात खिळ्यासारखं बसलं. मुलीनं पाडलेल्या वस्तादांची गोष्ट गावभर झाली. मग हिच्याकडे इंजिन कोण सोपवणार? ती शिलाई मशीनांकडे वळली, ते भावाच्या टोमण्याला टोमणा म्हणून.

पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून गेली नाही. त्या सोमवारी सकाळी ताप उतरून ती गॅरेजात आली तेव्हा तिचा दहा नंबरचा पाना खिळ्यावर उलटा टांगलेला होता. तिच्या पान्याला कोणीतरी हात लावला होता. रविवारी किल्ल्या दादाकडे. म्हणजे दादानं रविवारी इंजिन उघडलं, आपली अक्कल पाजळायला गेला, बिघडवून बसला आणि खापर बहिणीवर. झालं, गणित सुटलं. इंजिनात दोन टिंबं सापडतील, याबद्दल तिला तसूभरही शंका नव्हती. प्रश्न एवढाच की गाडी गॅरेजच्या मागे पत्र्याखाली बापाच्या हुकमानं गंजत पडलेली, आणि हिला फाटक बंद.

म्हणून नवऱ्यानं ती बातमी आणली तेव्हा तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. नवरा शाळेची बस चालवतो, त्यामुळे गावातल्या सगळ्या पाट्या त्याला पाठ.

"तुमच्या गॅरेजसमोर ती काळी गाडी आणून ठेवलीय," तो चहा ओतता ओतता म्हणाला, "आणि वर पुठ्ठा. आहे त्या स्थितीत विकणे." मग त्यानं बायकोकडे पाहिलं आणि जीभ चावली. "मी काही बोललोच नाही असं समज."

"कधीपासून आहे?"

"अगं, कशाला खाजवून खरूज काढतेस?"

"कधीपासून?"

"आज सकाळपासून," तो म्हणाला आणि तिचाही चहा स्वतःच पिऊन टाकला, कारण ती तोपर्यंत चपला घालून बाहेर पडली होती.

बावीस वर्षांनी ती त्या फाटकातून आत गेली. फरशी नवी, भिंतीला रंग, पाने टांगायच्या खिळ्यांच्या जागी लोखंडी फळी. कोपऱ्यात, दाराजवळच्या खुर्चीत, वस्ताद. चौऱ्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांवर जाड सायीसारखा पडदा, हातात काठी. ती पाय न वाजवता त्यांच्यापासून लांबून गेली.

"काय गं, वाट चुकलीस का?" दादानं विचारलं. पोट सुटलं होतं, पण बोलण्याची ढब तीच.

"गाडी घ्यायला आलेय."

"कुठली?"

"पाटी एकाच गाडीवर आहे ना?"

दादा एकदम मोठ्यानं हसला. "ही? तू काय करणार हिचं? टाकीवर रीळ बसव, किक मारून टाके घाल!" मागचे दोन मेकॅनिक खिदळले. मालकाच्या विनोदाला हसणं हा पगारी कामाचाच भाग असतो.

ती गाडीभोवती फिरली. टाकीचा काळा रंग विटकरी झालेला. सीट फाटून आतला फोम उंदरांनी नेलेला. पुढचा टायर रिमखाली चपटा, साखळी गंजून एकसंध सळई झालेली. किकवर तिनं सगळा भार टाकला, किक तसूभर हलली नाही. अगदी त्या सोमवारी जाम झाली तशीच. मग ती उकिडवी बसली आणि ब्लॉकच्या पायाचे चार नट नखानं खरवडून पाहिले. गंज सलग होता, त्यावर घट्ट झालेलं जुनं ग्रीस. बावीस वर्षांत कोणाचाही पाना इथे लागलेला नव्हता. तिनं मनातल्या मनात टाळी वाजवली.

"बाबांना विचारलंस का विकायचं ते?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांना दिसतं कुठे! दोन महिन्यांनी गॅरेजला पन्नास वर्षं होतायत, जुनी गिऱ्हाइकं येतील, मोठा कार्यक्रम आहे. मागे भंगार बरं दिसत नाही."

त्यानं सांगितली ती किंमत तिनं घासाघीस न करता दिली. दादाचं हसू जरा पातळ झालं. बहीण घासाघीस करत नाही म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं त्याला कळत होतं.

"पावतीवर लिही," ती म्हणाली, "इंजिन उघडलेलं नाही, जाम आहे."

"कशाला?"

"उद्या म्हणशील, मीच आत काहीतरी केलं."

दादानं खांदे उडवले आणि लिहून दिलं. खाली लांबलचक सही ठोकली. इथे खरं म्हणजे तिच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. ज्यानं पाप केलंय तो त्याच्यावर अशी शेपटीदार सही करील का? पण राग एका डोळ्यानं बघतो, आणि तो डोळा दादावर लागलेला होता.

गाडी टेम्पोत चढवताना लोखंड घासलं. वस्तादांनी मान वळवली. "काय चाललंय रे?"

"काही नाही बाबा," दादा म्हणाला, "भंगार जातंय."

टेम्पोत गाडी धरून बसलेल्या मशीनबाईनं तो शब्दही जमेस धरला.

घरी पुढच्या खोलीतली शिलाई मशीनं भिंतीला सरकली आणि मध्ये मोटरसायकल आली. तिनं स्पार्क प्लग काढून त्या भोकातून आत तेल सोडलं आणि आठ दिवस मुरू दिलं. रोज सकाळी उठून थोडं तेल, रोज किकवर थोडा भार. नवरा दारात उभा राहून म्हणायचा, "हिला तेल लावतेस, अंग चोळतेस. मी काय घोडं मारलंय?"

"तुझं इंजिन अजून चालतंय," ती म्हणायची.

ती मजेत होती. त्या दिवसांत ती चक्क गुणगुणायची. बेत ठरलेला होता. गाडी नवी कोरी करायची, कार्यक्रमाच्या दिवशी ती चालवत गॅरेजात शिरायचं, आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या देखत दादाची दोन टिंबं असलेला ब्लॉक टेबलावर ठेवून म्हणायचं, "मोज." हा एक शब्द तिनं बावीस वर्षं घासून घासून धारदार केला होता.

इंजिन उघडायला साक्षीदार हवा म्हणून ते सुटं करून ती लेथवाल्या काकांकडे घेऊन गेली. काकांचा लेथ पूर्वी गॅरेजच्या शेजारीच होता. ब्लॉक आतून कातायचं काम सगळे त्यांच्याकडूनच करून घेत. म्हातारा माणूस, कमी बोलणारा, खोटं न बोलणारा.

"काका, डोळ्यांनी बघा आणि लक्षात ठेवा," ती म्हणाली.

"मी काय करतोय मग, आंधळी कोशिंबीर?" काकांनी चष्मा पुसला.

नट सुटले. ब्लॉक सुटेना. काकांनी आच दिली, लाकडी हातोड्यानं सगळ्या बाजूंनी टकटक केलं, पुन्हा आच, पुन्हा टकटक. अर्धा दिवस गेला तेव्हा तो केसभर हलला आणि मग कुरकुरत वर आला. पिन एका बाजूला सरकलेली, ब्लॉकच्या आत बोट जाईल एवढा चर. खाली तेलाच्या काळ्या गाळात लॉक पडलेलं होतं, ताणून सरळ झालेलं.

तिनं ते चिमट्यात धरून उन्हाला नेलं. लॉकवर पक्कडीचे दात उमटलेले होते. ती पक्कडीच्या तोंडाला कायम चिंधी गुंडाळून लॉक बसवायची, तिच्या लॉकवर ओरखडासुद्धा नसायचा. म्हणजे तिनं बसवलेलं लॉक कोणीतरी उपसून काढलं होतं आणि तेच परत बसवलं होतं. एकदा काढलेलं लॉक परत लावायचं नाही, त्याचा ताण गेलेला असतो, हा तर गॅरेजातला पहिला धडा. झाडू मारणाऱ्यालाही पाठ असलेला.

"बघा काका, बघा!" तिचा आवाज चढला. "आता टिंबं बघू."

तिनं ब्लॉकची खालची कड पेट्रोलच्या फडक्यानं पुसली. चिकटलेलं गॅसकेट, सांध्यातला तो कागदी थर, पात्यानं खरवडला. डावीकडून टिंबं दिसायला लागली. एक. मग एक. मग दोन, ती दादाची, कधीतरी जुन्या काळातली. मग एक. मग तीन, ती तिची. आणि तिच्या तिनाच्या पुढे, ओळीच्या शेवटी, एक.

तिनं पुन्हा पुसलं. शेजारी दुसरं टिंब गंजाखाली दडलं असेल म्हणून नख घासलं. सुई घेऊन टोकरलं. शेजारी सपाट लोखंड होतं. टिंब एकच होतं, खोल आणि अगदी सरळ, ठोकणारा हात जराही न हललेला.

काकांनी चष्मा काढून हातात घेतला. "त्या रविवारी वस्तादांचं शटर अर्धं वर होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मी शेजारी काम करत होतो. मला वाटलं, पसारा आवरत असतील. रविवारी दुकानं बंद, नवं लॉक मिळणार कुठून?"

"आणि तुम्ही बावीस वर्षं मूग गिळून बसलात?"

"अगं, शटर अर्धं वर होतं एवढंच मला माहीत. आत काय उघडलं होतं ते आज बघतोय."

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसली. इंजिन न उघडताच इस्पितळातल्या खाटेवरून बाबांना कसं कळलं की लॉकच सुटलं? तेव्हा तिला वाटलं होतं, वस्ताद आहेत, त्यांना कळणारच. रविवारी किल्ल्या दादाकडे असायच्या, पण दुसरा जोड बाबांकडे होताच, तो तिनं कधी हिशेबात धरलाच नव्हता. गाडीला कोणी हात लावू नये हा हुकूम कोणाचा? बाबांचा. हिचं काम चोख झालंय यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून रविवारी त्यांनी तिचाच पाना घेऊन ते उघडलं. पिन काढून पाहिली. आणि सगळ्या गावाला शिकवलेला धडा स्वतः मोडून तेच लॉक परत ठोकलं. मात्र सवयीचा हात! टिंब ठोकायला विसरला नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं झालं होतं. संन्यासीही काही धुतल्या तांदळाचा नव्हता, पण हे पाप त्याचं नव्हतं.

दोन दिवस ती नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी नवरा समोर येऊन बसला. विनोद बाजूला ठेवून बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो जरा अडखळत होता.

"सोडून दे आता. म्हातारा माणूस आहे. डोळे गेलेत, पाय गेलाय. त्याला आता काय शिक्षा करणार तू?"

"बावीस वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "बरोबर माणसाला एक तरी देऊ दे."

"वडील आहेत ते."

"म्हणूनच."

तो उठला आणि टाकीतला गंज काढायला मूठभर नट आणि साखळीचा तुकडा टाकून टाकी हलवत बसला. बराच वेळ घरात तेवढाच खळखळाट चालू होता.

राग तोच राहिला, फक्त त्याचा पत्ता बदलला. आणि सांगायला हरकत नाही, या रागानं तिचे हात असे चालले की तसे प्रेमानंही कोणाचे चालत नसतील. तिनं कार्ब्युरेटरची भोकं एकेक करून तारेनं मोकळी केली. वायरिंग नव्यानं ओढलं. चाकांच्या आऱ्या काढून, घासून, पुन्हा ओवल्या. सीट तिनं आपल्याच दुकानातल्या जड शिलाई मशीनवर शिवली, दुहेरी टाक्यानं, आणि शिवताना दादाचा तो रिळाचा विनोद आठवून एक टाकाही वाकडा जाऊ दिला नाही. काका म्हणाले, जुना ब्लॉक आतून कातून, नळी घालून परत वापरता येईल. ती म्हणाली, "नाही. तो परत आत गेला तर टिंबं पुन्हा झाकली जातील." तिनं भंगार बाजार पालथा घालून तसाच दुसरा ब्लॉक आणला. नवं लॉक चिंधी गुंडाळलेल्या पक्कडीनं बसवलं. कडेला तीन टिंबं ठोकली आणि इंजिन बंद केलं.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. सकाळी अकरा वाजता गॅरेज माणसांनी भरलं होतं. भाड्याच्या खुर्च्या, चहाचे पेले, जुनी गिऱ्हाइकं जुन्या गाड्यांच्या आठवणी सांगतायत, दादा इस्त्रीच्या शर्टात सगळ्यांशी हात मिळवतोय. मधोमध खुर्चीत वस्ताद. कोणी वाकून बोलायला आलं की आवाजावरून माणूस ओळखायचे, आणि लोक म्हणायचे, वा, कान अजून शाबूत आहेत.

गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली तेव्हा कोणाचंच लक्ष नव्हतं. वस्तादांनी मात्र हात वर केला.

जुन्या लोकांना तो हात माहीत होता. बोलणं विरत गेलं. नव्यांना काही कळेना, तेही गप्प झाले. गाडी फाटकातून आत आली, काळी कुळकुळीत, आणि वस्तादांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. मशीनबाईनं इंजिन चालूच ठेवलं. वस्ताद मान किंचित कलती करून ऐकत राहिले. दादा तोंड उघडं टाकून बघत होता.

"कोणी बंद केलं?" वस्तादांनी विचारलं.

चोवीस वर्षांची असताना हा प्रश्न तिला मिळाला असता तर ती आनंदानं घरभर नाचली असती. आता तो ऐकायला बरा वाटला म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"मी."

"मी कोण?"

"तीन टिंबं."

वस्तादांचा हात खाली आला. तिनं इंजिन थांबवलं. टाकीवर लटकवलेल्या कापडी पिशवीतून जुना ब्लॉक काढला.

"हे काय आणलंस?" दादा पुढे झाला आणि त्यानं ब्लॉक तिच्या हातातून ओढूनच घेतला. "पुन्हा तमाशा करायचाय का? बावीस वर्षं झाली तरी—" बोलता बोलता त्यानं तो उलटा केला. टिंबं मोजायला त्याला वेळ लागला नाही, वस्तादांचाच चेला तो. त्याच्या पायाखालची वाळू सरकली. मग तो तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "मला माहीत नव्हतं. खरंच सांगतो, मला माहीत नव्हतं. पण त्यांना नको देऊस. त्यांचं वय बघ."

दादाला असं गयावया करताना पाहावं म्हणून तिनं किती दुपारी दात खाल्ले होते. आता तो समोर करत होता आणि ते पाहायला तिला फुरसत नव्हती.

"माझं वय चोवीस होतं," ती म्हणाली. तिनं ब्लॉक परत घेतला आणि वस्तादांच्या मांडीवर ठेवला. "मोजा."

वस्तादांनी काठी गुडघ्याला टेकवली. दोन्ही हातांनी ब्लॉक चाचपला. मग उजवा अंगठा कडेवरून सरकायला लागला. एक. एक. दोन. एक. तीन. अंगठा तिथून पुढे गेला आणि थांबला. चहाचे पेले हातात धरून माणसं उभी होती.

"शेवटचं टिंब माझं आहे," वस्ताद म्हणाले. इंजिनांच्या आवाजावर बोलायची जन्माची सवय, त्यांना हळू बोलता येतच नसे. फाटकाजवळच्या माणसानंही ऐकलं. "रविवारी मी उघडलं होतं. म्हटलं, पोरीचं काम आहे, कुठेतरी चूक असेलच."

"होती?"

"नव्हती."

"मग?"

"मग परत बंद केलं." त्यांचा अंगठा त्या एका टिंबावर तसाच होता. "लॉक जुनंच लावलं. चालेल म्हटलं."

"आणि इस्पितळात माझं नाव घेतलंत."

"लोक वस्ताद म्हणायचे," ते म्हणाले.

तिला गार वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोला? खुर्च्यांमधून कुजबुज फिरली, "म्हणजे हिची चूक नव्हतीच," असं कोणीतरी स्पष्ट म्हणालं, आणि ते वाक्य तिनं तहानलेल्या माणसासारखं पिऊन घेतलं. पण बावीस वर्षांची तहान एका पेल्यानं भागत नाही. ती गाडीकडे वळली.

"थांब," वस्ताद काठीच्या आधारानं उठायला लागले. ब्लॉक त्यांनी शेजारच्या खुर्चीवर जपून ठेवला. "मला मागे बसव."

"आधी इंजिन उघडून बघा," ती म्हणाली. "माझ्या हातचं आहे."

वस्तादांचा जबडा हलला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ त्यांच्या चेहऱ्यावर एकदा दिसला आणि मग हळूहळू सैल झाला.

"नाही उघडायचं," ते म्हणाले.

दादानं आणि एका मेकॅनिकनं त्यांना उचलून मागच्या सीटवर बसवलं. मोडका पाय दादानं स्वतःच्या हातांनी फूटरेस्टवर ठेवला, बहिणीकडे न बघता. वस्तादांनी सीटवरून हात फिरवला, टाके चाचपले आणि दोन्ही हात मुलीच्या खांद्यांवर ठेवले. एका किकेत गाडी सुरू झाली.

गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. म्हाताऱ्याचं वजन लागतच नव्हतं. रस्ता जरासा चढाला लागला तेव्हा त्यांनी तिच्या कानाशी तोंड आणलं.

"पाण्याची टाकी आली का?"

"आली."

"जपून घे. इथे हळू, पोरी."

"ऐकू येत नाही," ती म्हणाली. अक्षर न् अक्षर ऐकू आलं होतं.

तिनं वेग कमी केला नाही, उलट वाढवला. गाडी वळणात कलली. वस्तादांची बोटं तिच्या खांद्यांत रुतली, नखं शर्टातून आत गेली, ते काहीतरी पुटपुटत होते. ज्या जागी ते पडले होते तिथून गाडी सरसरून गेली आणि पलीकडे सरळ झाली. इंजिन एका लयीत चालू होतं. हळूहळू खांद्यांवरची बोटं सैल झाली.

पुढच्या चौकात तिनं गाडी वळवली, आणि म्हाताऱ्याला त्याच वळणावरून, त्याच वेगानं, परत आणलं.